तो हात

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येईना म्हणून पुन्हा ‘ओनी’ लावला. जपानच्या किहाचिरो कावामोतो यांचा 1972 सालचा बाहुलीपट, जेमतेम आठ मिनिटांचा. ओनी म्हणजे राक्षस. या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला. सगळीकडे काळोख, शामिसेनच्या तारेचे तुटक ठोके, आणि बाहुल्या.

गोष्ट ‘कोंजाकु मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथासंग्रहातली, बाराव्या शतकाच्या आसपासची. या संग्रहाचे पहिले पाच खंड भारतातल्या कथांचे आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चंद्रावरचा ससा तिथेही आहे! आपली कहाणी जशी ‘आटपाट नगर होतं’ने उघडते, तशी तिथली प्रत्येक कथा ‘आता ही झाली जुनी गोष्ट’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते.

दोन भाऊ शिकारी. रात्री झाडांवर बसून हरणाची वाट पाहताहेत. अंधारातून एक हात येतो आणि थोरल्याच्या केसांची गाठ धरून त्याला वर ओढू लागतो. धाकटा नुसत्या आवाजाच्या रोखाने बाण सोडतो. हात मनगटापासून तुटतो. तो घेऊन दोघे घरी येतात, तर आतल्या खोलीतून म्हाताऱ्या आईचं कण्हणं ऐकू येतं. दिव्याच्या उजेडात हात पाहतात. तो आईचाच असतो. दार उघडताच ती अंगावर धावून येते. ‘हा तुझाच ना हात?’ म्हणत मुलगे तो आत भिरकावतात आणि दार लावून घेतात. माणूस फार म्हातारा झाला की ओनी होतो, पोटच्या पोरांनाच खायला बघतो, असं सांगून जुना ग्रंथ मोकळा होतो.

ग्रंथाला ती बाई राक्षसीण वाटते. मला बाहुली पाहताना तसं वाटत नाही, आणि ही करामत कावामोतोंची आहे. 1963 साली ते प्रागला बाहुलीपटकार यिरी त्र्न्कांकडे शिकायला गेले. तुमच्या देशातच बाहुल्यांची एवढी मोठी परंपरा आहे, तिकडे पाहा, असं त्र्न्कांनी त्यांना सुचवलं. मग ते नोह या मुखवट्यांच्या जपानी नाट्याकडे आणि बुनराकू या बाहुल्यांच्या नाट्याकडे वळले. नोहचा मुखवटा बदलत नाही. नट तो किंचित वर उचलतो, त्याला ‘उजळणं’ म्हणतात. किंचित खाली झुकवतो, ते ‘झाकोळणं’. कावामोतोंच्या बाहुल्यांचंही तेच. मान इवलीशी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा इवलीशी हलवायची. एका सेकंदाला 24 चौकटी. एक हालचाल दोन चौकटींना पुरवली, तरी आठ मिनिटांसाठी पाच हजारांवर वेळा त्या बाहुल्यांना हात लावावा लागतो. म्हाताऱ्या आईच्या बाहुलीला इतक्या वेळा, इतक्या जपून कुणी हात लावला असेल, तर ती नुसती राक्षसीण राहणारच नाही. माझं तरी हेच मत आहे.

आजीच्या शेवटच्या वर्षी तिला कुणीच ओळखू येत नव्हतं. एका रात्री आई तिला कूस बदलून देत होती, तेव्हा आजीने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि असा ओढला की आई ओरडली. मी धावत गेले. आजीच्या डोळ्यांत निव्वळ राग होता, आणि मी त्या क्षणी तिला घाबरले. माझ्याच आजीला. दारातून पुढे पाऊल टाकवेना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आईने मूठ सोडवली नाही. ती तशीच वाकून राहिली आणि दुसऱ्या हाताने आजीचं मनगट चोळत राहिली. खूप वेळाने बोटं सैल झाली. मग आईने तो हात पांघरुणात घेतला, नीट झाकला आणि मला म्हणाली, “दिवा बारीक कर गं, तिच्या डोळ्यांवर येतोय.”