वाळू लख्ख, पोट खपाटीला

आमच्या कोथरूडच्या घरात निवडायचं काम करणारे दोघं. एक आई, दुसरा दोन फुटी, खाऱ्या पाण्याच्या टँकमधला गोबी मासा. आई ताटात तांदूळ पसरते आणि खडा टाकून तांदूळ ठेवते. गोबी तोंडभर वाळू उचलतो, आतल्या आत घोळवतो, वाळू कल्ल्यांतून सोडून देतो आणि तिच्यातला बारीकसा जीव गिळतो. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत हेच.

खरं तर त्याला आणलं सफाईसाठी. पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरायला लागली होती. दुकानदार म्हणाला, "हा सोडा, वाळू लख्ख. आणि वेगळं खायला घालायची कटकट नाही." यातलं पहिलं वाक्य खरं निघालं.

आठवड्याभरात वाळू नुकत्या चाळलेल्या रव्यासारखी दिसू लागली. मी खूश. लक्षात आलं ते आईच्या. "अरे, याचं पोट बघ, खपाटीला गेलंय." चष्मा पुसून पाहिलं. डोक्याच्या मागे खरंच खळगा पडला होता. म्हणजे वाळू एवढी स्वच्छ होती, कारण तिच्यात खाण्यासारखं काही उरलंच नव्हतं! मी ज्यावर खूश होतो, ती त्याची उपासमार होती.

हा डायमंड गोबी हिंदी-प्रशांत महासागरातला, अंगावर नारिंगी ठिपके, आपल्या खाडीतल्या निवट्यांचा लांबचा भाऊबंद. प्रवाळाशेजारी त्याला चरायला वाळूची रानंच्या रानं. इथे दोन फुटांची पट्टी. तिच्यातले कोपेपॉड, म्हणजे वाळूतले ते बारीक जीव, वाढायच्या आत हा फस्त करतो. बरं, काही सापडो न सापडो, चाळणं थांबत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, किती पोटभर जेवतोय.

मग सुरू झाला आमचा भरवण्याचा कार्यक्रम. गोळ्या टाकल्या, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. फ्रोझन मायसिस आणलं. कोळंबीसारखा दिसणारा, नखाएवढा जीव. ते पाकीट फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीला खेटून ठेवलं, तेव्हा आई काही बोलली नाही. मटारची पिशवी तेवढी वरच्या कप्प्यात गेली. भूक चाळवावी म्हणून मायसिसला लसणाचा रस लावतात असं कळलं, तेव्हा चातुर्मास चालू होता. घरात कांदा-लसूण बंद. माशासाठी म्हणून रोज एक पाकळी ठेचली जायची आणि तिच्या वासावर आम्ही दुधीची भाजी खायचो.

तरी साहेब खाईनात. वरून पडणारं सगळं क्लाउनफिशची जोडी मधल्यामध्ये पळवायची. उरलेलं कुजलं की पाण्यात अमोनिया चढतो आणि एवढ्याशा टँकला ते झेपत नाही. की लगेच पाणी बदला. समुद्र पडला 150 किलोमीटरवर, त्यामुळे आमचा समुद्र बाथरूममधल्या बादलीत तयार होतो: आरओचं पाणी, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ. त्या पंधरवड्यात मी इतकं मीठ ढवळलं, की ऑफिसात शर्टाची बाही पांढरी दिसायची.

युक्ती सापडली ती चुकून. सिरिंजला जोडलेली नळी हातातून निसटली आणि मायसिस थेट वाळूत रुतलं. पठ्ठ्याने तोंडभर वाळू उचलली, घोळवली आणि क्षणभर थबकला. मग पुन्हा तिथेच तोंड घातलं. ताटात वाढलेलं त्याला अन्नच वाटत नव्हतं. वाळूत शोधून मिळालं तेच खरं. तेव्हापासून पंप बंद करायचा, क्लाउनफिशला एका कोपऱ्यात घास टाकून गुंतवायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याच्या बिळाच्या तोंडाशी मायसिस पेरायचं. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. महिन्याभरात खळगा भरला. आता तो नव्या जोमाने उकरतो आणि सगळी वाळू प्रवाळावर उडवतो. मग त्याच सिरिंजने प्रवाळ झाडायचं काम माझ्याकडे.

दुपारची पाळी आईची. "तो पाकिटातला प्रकार मी हाताने धरणार नाही," या अटीवर. चिमटा आणून दिला. परवा भर मीटिंगमध्ये तिचा फोन आला. दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, जेवला. पण निम्मं कानातून सांडतो रे हा."