पाइक, काटे आणि आगळ

शेजारच्या आजोबांनी आज गोठलेल्या तळ्याला भोक पाडून पकडलेला नॉर्दर्न पाइक मासा दारात आणून दिला. मिनेसोटातला हिवाळी वानोळा! हातभर लांब, बदकासारखी चपटी चोच, आणि अंग इतकं बुळबुळीत की सिंकमधून दोनदा निसटला. मीठ-व्हिनेगर चोळलं तेव्हा कुठे ताब्यात आला.

इथले बरेच जण पाइकला नाकं मुरडतात ती काट्यांमुळे. पाठीच्या मांसात ‘वाय’ अक्षरासारख्या काट्यांची एक रांगच असते. आजोबांनी ती पट्टीच्या पट्टी कापून काढायला शिकवलं. सुरी हलकेच ओढली की पात्याला टिकटिक जाणवतं, त्याच्या कडेकडेने जायचं. भिंग माशाचे काटे निवडत वाढलेली मी, म्हटलं यात काय मोठंसं! पहिल्या बाजूचा पार भुगा केला.

तो भुगा आलं-मिरची-कोथिंबिरीसह मिक्सरमधून दोनदा फिरवून वडे थापले. (फिनलंडमध्येही पाइकचे वडे करतात, त्यामुळे मी परंपरेतच आहे.) दुसऱ्या बाजूला आगळ (कोकमाचा खारा रस), हळद, लसूण-मिरचीचं वाटण आणि वरून रवा. याच्या मांसात चरबी जवळजवळ नाहीच, जरा जास्त वेळ तव्यावर राहिला की कोरडा ठक्क.

आजोबा व्हिनेगरमध्ये मुरवतातही, त्याने बारीक काटे मऊ पडतात. पण पाइकमध्ये पट्टकृमी असू शकतात, म्हणून आधी उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवायचं. शेपटीकडचे तुकडे डीप फ्रीझरमध्ये आहेत. पुढच्या रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अहो, तुम्हीसुद्धा!