उष्माघात कक्षाची तयारी फेब्रुवारीत

एप्रिल लागला की खान्देशातल्या अनेक रुग्णालयांत एका खोलीच्या दारावर 'उष्माघात कक्ष' असा कागद लागतो. आत दोन खाटा, एक कूलर, कपाटात सलाईन आणि ओआरएसची पाकिटं. फोटो काढून वर पाठवला जातो. मग मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, केळीच्या बागेत माल काढणारा मजूर बरळत दारात येतो आणि शोधाशोध सुरू होते: बर्फ कुठाय, थर्मामीटर कुठला वापरायचा, सुरुवात कुणी करायची. या तिन्हींची उत्तरं डॉक्टरांकडे नसतात, रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे असतात आणि ती फेब्रुवारीतच ठरवावी लागतात.

घाई कशाची, तर वेळेची. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत शुद्धीत बिघाड, म्हणजे उष्माघात. पहिल्या अर्ध्या तासात ते ३९ च्या खाली आणायचं असतं. उशीर झाला की मेंदू, यकृत, मूत्रपिंड, स्नायू एकेक करत बिघडतात. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच तापमान वर नेऊन ठेवतो, तिथे ते चालतं. इथे उष्णता बाहेरून किंवा कष्टातून साचलेली असते. उलट आधीच मार बसलेल्या यकृतावर आणखी एक ओझं. तरी सवयीने पहिली बाटली तीच लटकते.

थर्मामीटरचा घोळ तर दरवर्षीचा. कपाळावर धरायची बंदूक घामाने ओल्या किंवा उन्हात तापलेल्या कातडीवर भलताच आकडा दाखवते. काखेतला आकडा कमी येतो. जुना काचेचा पारा ४२ वर संपतो, म्हणजे नेमका सर्वात गंभीर रुग्णच मोजता येत नाही. ४४-४५ पर्यंत मोजणारा, गुदमार्गे लावायचा प्रोब कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात हवा, स्टोअरच्या कुलपात नव्हे. रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर आणि त्याच्या स्ट्रिपाही ४० अंशांपलीकडे तापलेल्या खोलीत चुकतात. बरळणाऱ्या माणसाची साखर तर बघावीच लागते, म्हणून तो डबा गार जागी ठेवा.

आता बर्फ. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३५ अंशांच्या खाली क्वचितच असतं. असं १०० लिटर पाणी १५ अंशांवर आणायला हिशेबाने सुमारे २१ किलो बर्फ लागतो. वितळण्यातला तोटा धरून ३० किलो ठेवा. हे एका रुग्णाचं झालं. बर्फाच्या कारखान्याशी दर आणि रात्रीचा पुरवठा आधीच ठरवून रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावा. मे महिन्यात तीन दरपत्रकं मागवत बसलात, तर पाऊस येईल. लादी फोडायला गोणपाट आणि हातोडी लागते, तीही यादीत लिहा. कुणीच लिहीत नाही.

टब नसला तरी अडत नाही. जाड ताडपत्री, चारही बाजूंनी कडा उचलून धरायला माणसं, मध्ये रुग्ण, वरून बर्फाचं पाणी आणि ते सतत ढवळणं. तरण्या, कष्टात कोसळलेल्या माणसाचं तापमान अशा पाण्यात मिनिटाला साधारण ०.१५ ते ०.२ अंशाने उतरतं. म्हणजे ४१.५ वरून ३९ वर यायला पंधरा मिनिटांच्या आसपास. ३९ ला बाहेर काढा, नाहीतर ते घसरत खूप खाली जातं. डोकं धरायला एक माणूस फक्त त्याच कामाला. पत्र्याच्या घरातून आणलेल्या हृदयरोगी म्हातारबाबांना पाण्यात घालण्यापेक्षा अंगावर कोमट पाण्याचा फवारा, जोराचा पंखा आणि मान, काख, जांघेत बर्फाच्या पिशव्या बऱ्या.

हे सगळं सुरू कोण करणार? माझ्या लेखी नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच आहे. रात्री दोन वाजता दारात सिस्टर असते, डॉक्टर लेबर रूममध्ये असतात. नातेवाईक म्हणतात, "आंगमा ताप शे ना ताई, थंडं पानी कसं?" अशा वेळी तोंडी सूचनेवर कोणीही हात घालणार नाही. अधीक्षकांच्या सहीचा एक पानी आदेश भिंतीवर हवा: शुद्ध हरपलेली, तापमान ४० किंवा जास्त, तर सिस्टरने डॉक्टरांची वाट न पाहता गार करायला घ्यावं, मामा-मावशींपैकी (वॉर्डबॉय, आयांपैकी) कोण काय धरेल तेही नावानिशी. मार्चमध्ये दोनदा कोरडी तालीम घ्या, एक रात्रपाळीत.

रेफरचंही, म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचंही तसंच. रावेर-चोपड्याहून जळगाव, धडगावहून नंदुरबार, रस्त्यात तास-दोन तास जातात आणि तेवढ्यात जे नुकसान व्हायचं ते होऊन जातं. आधी गार करा, मग १०८ च्या रुग्णवाहिकेत चढवा.

जनरेटरवर कोणते पॉइंट आहेत ते एकदा वायरमनला सोबत घेऊन बघा. ऑपरेशन थिएटर असतं, कॅज्युअल्टीचा कूलर बहुधा नसतो. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं; फ्रीज बंद पडला तर ते निकामी होतं आणि बाळंतपणातला रक्तस्राव थांबत नाही, म्हणजे उन्हाळ्याचा बळी भलत्याच वॉर्डात जातो.

सुट्ट्यांचं वेळापत्रक आखाजी (अक्षय्य तृतीया) बघूनच लावा. लेकी माहेरी येतात, लग्नसराई ऐन भरात, एसट्या भरलेल्या. स्टाफलाही तेव्हाच गावी जायचं असतं. मार्चमध्येच पाळ्या वाटल्या नाहीत तर ऐन उन्हात एका सिस्टरवर दोन वॉर्ड येतात.

कूलरवर फार विसंबू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, खिडकी उघडी असेल तरच. जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा येतो आणि पारा उतरूनही कूलर व फवारा दोन्ही मंदावतात. त्या पंधरवड्यात बर्फाचा साठा कमी करण्याची चूक करू नये.

शुद्धीवर आलेला रुग्ण दुसऱ्या सकाळी घरी जायचा हट्ट धरतो. यकृताचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात, म्हणून एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, सीपीके (स्नायूंसाठी) आणि प्लेटलेट रोज तपासा. लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायू विरघळताहेत असं समजा आणि त्याला सोडू नका.