करवंटी, पोटॅश आणि बादल्याभर पाणी

एमएस्सीच्या प्रकल्पात सुपरकॅपॅसिटरसाठी (झटपट चार्ज होणारं, वीज साठवणारं साधन) सच्छिद्र कार्बन बनवायचा होता. त्याला नारळाच्या करवंट्या निवडल्या त्या फुकट मिळतात म्हणून. शेजारच्या खानावळीतून पोतंभर आणल्या तेव्हा लॅबचे मामा म्हणाले, "मॅडम, बंबात घातल्या असत्या तर अंघोळीचं पाणी तरी तापलं असतं." जपानची कुरारे कंपनी सुपरकॅपॅसिटरसाठी करवंटीपासूनच कार्बन बनवून विकते, हे सांगूनही त्यांना फारसं पटलं नाही.

करवंटीत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) भरपूर आणि राख अगदी कमी. भाताच्या तुसात सिलिका इतकी असते, की ती काढणं हेच वेगळं काम होऊन बसतं. काथ्या खरवडून, वाळवून, फोडून ट्यूब फर्नेसमध्ये नायट्रोजनखाली ५०० अंशांवर भाजलं की कोळसा होतो. गॅस बाहेर पडतो त्या नळीत डांबर साचतं, तिच्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

या कोळशाला छिद्रं खरी पाडतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आमच्या बोलण्यातला पोटॅश. कोळसा एक भाग, हे तीन भाग. तोलता तोलता हवेतला ओलावा ओढून ते चिकट होतं, म्हणून हात भराभर चालवायचा. मिश्रण भट्टीत ठेवायची होडीसारखी लांबट वाटी निकेलची, कारण पोर्सिलेनला हे रसायन खातं. मग ७०० अंश. ४०० च्या वर ते कार्बनशी भिडतं, हायड्रोजन सुटतो, पोटॅशियम कार्बोनेट बनतं आणि धातुरूप पोटॅशियम कार्बनच्या थरांत घुसून ते फाकवतं. हा धातू थोडाही उरला तर ओलसर हवेत पेट घेऊ शकतो. त्यामुळे फर्नेस पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करायचा नाही, जेवायची वेळ टळली तरी.

शोधनिबंधांत यापुढे 'धुऊन घेतले' एवढंच असतं. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की कार्बोनेट फसफसतं, ते हळूहळूच ओतायचं. मग डिस्टिल्ड पाणी, पुन्हा पाणी, पुन्हा पीएच पेपर. पूड इतकी बारीक की फिल्टर तुंबतो. पण कंटाळून थांबलं की छिद्रांत मीठ अडकून राहतं आणि कार्बन म्हणून आपण तेच तोलतो.

इलेक्ट्रोडची कृती ठरलेली आहे: कार्बन ८० भाग, वीज नीट वाहावी म्हणून कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) १०, चिकटवायला पीव्हीडीएफ हे पॉलिमर १०, एनएमपी या द्रावकात कालवून निकेल फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) लावायचं, वाळवायचं, दाबायचं. फोमवर बसणारा कार्बन असतो मिलिग्रॅमभर. पंखा बंद करूनच तोलायचा, नाहीतर पुढचे सगळे आकडे पोकळ.

६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, उणे १ ते ० व्होल्टदरम्यान, सीव्हीचा (व्होल्टेज वरखाली फिरवत प्रवाह मोजायच्या चाचणीचा) आलेख जवळपास आयताकृती, म्हणजे हवा तसा, आला. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत, जिथे एकट्या कार्बन इलेक्ट्रोडचीच परीक्षा होते, धारितेचा (वीज साठवायच्या क्षमतेचा) आकडा ग्रॅममागे २०० फॅरडच्या पुढे गेला आणि मी पेढे आणायच्या बेतात होते. सर म्हणाले, "आता दोन सारखे इलेक्ट्रोड समोरासमोर लावून बघ." तसं केलं की प्रत्येक इलेक्ट्रोड एकेक धारक (कॅपॅसिटर) ठरतो, आणि दोन धारक एकसर जोडले की धारिता निम्मी होते आणि कार्बन लागतो दुप्पट, म्हणून ग्रॅममागचा आकडा सरळ चौथाईवर येतो. प्रबंधात दोन्ही लिहिले. बरेच लोक पहिलाच छापतात, ते मला पटत नाही. बाजारातल्या सुपरकॅपॅसिटरमध्ये कार्बनचा थर आमच्यापेक्षा कितीतरी जाड असतो, ती गोष्ट वेगळीच.

आणि हो, करवंटी फुकट असली तरी तिप्पट पोटॅश फुकट नसतो. म्हणून पहिलं धुणं आता आम्लाऐवजी नुसत्या पाण्याने करते. त्यात कार्बोनेट उतरतं, पाणी आटवलं की ते परत हाती येतं. या कार्बोनेटनेही कार्बनला छिद्रं पडतात, फक्त फर्नेस ८०० अंशांच्या आसपास न्यावी लागते. पुढची बॅच त्याच्यावर लावणार आहे.