एक 'ए' जास्त

आज भाच्याची अग्निवीर भरतीची कागदपत्रं गोळा करत दिवसभर फिरलो. पोरगं १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतं, पण झेरॉक्सच्या रांगेत मात्र पार गळपटलं.

रहिवासी, जातीचा, शाळेचा चारित्र्याचा, सरपंचांचा चारित्र्याचा वेगळा. वर २१ वर्षांखालच्यांना अविवाहित असल्याचा दाखला, फोटोवर शिक्का मारून. (आईचं म्हणणं, "याला पोरगी कोण देतंय अजून!") सरपंचांचे दाखले सहा महिन्यांच्या आतले लागतात. म्हणजे यंदा जमलं नाही तर पुढच्या भरतीला पुन्हा ग्रामपंचायत.

खरी गोची नावांची. दाजी माजी सैनिक, त्यामुळे सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून बाप-लेकाच्या नात्याचा दाखला आणायचा. दाजींच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं नोंदीचं पुस्तक) ताईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पोराच्या दहावीच्या मार्कशीटवर तिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. खिडकीतले साहेब शांतपणे म्हणाले, "अ‍ॅफिडेव्हिट करा." त्यांचा तरी काय दोष?

लग्नानंतर बाईचं नाव बदलणं आपल्याकडे घरोघरी आहे. मग लग्नाचा दाखला बघून ही दोन नावं एकाच बाईची मानायला काय हरकत आहे? उद्या हीच भानगड फॅमिली पेन्शनला आडवी येते, तेव्हा धावपळ करायला दाजी नसतील.

फौजी घरांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरची (पेन्शन मंजुरीचा आदेश) नावं आधारशी ताडून बघा. फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आम्ही सोमवारी जातोय.