तुम्ही विचारलंत म्हणून: झाडांच्या गोष्टीत बायका कशाला?

भाषण संपतं, खुर्च्या सरकतात आणि कोणीतरी माझ्याजवळ येऊन आवाज जरा खाली आणतं. "सगळं पटलं हो. पण झाडं, पाणी, हवा असं सांगता सांगता तुम्ही दर वेळी बायकांवर का येता? आधी पृथ्वी तर वाचू दे, मग ते समानतेचं बघू." मी पुरुष आहे म्हणून हा प्रश्न मला जास्तच मोकळेपणाने विचारला जातो, असा माझा संशय आहे. दोन मिनिटांत काहीतरी गुळमुळीत बोलून मी निसटतो, आणि घरी जाताना चरफडतो. आज सावकाश सांगतो.

सुरुवात माझ्या एका जुन्या वहीपासून करावी लागेल. पर्यावरणाच्या या कामात नवा होतो तेव्हा बैठकांचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. एका उघड्याबोडक्या टेकडीवर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करायचा ठराव एका बैठकीत झाला. सूचक पुरुष, अनुमोदक पुरुष, सर्वानुमते मंजूर. दाराशी बसलेली एक बाई मध्येच म्हणाली, "मग मोळी आणायची कुठनं?" कोणीतरी म्हणालं, बघू, काढू काहीतरी मार्ग, आणि पुढचा विषय निघाला. मी वहीत लिहिलं: 'महिलांनीही चर्चेत सहभाग घेतला.'

टेकडी खरंच हिरवी झाली. तिसऱ्या पावसाळ्यानंतरचे फोटो आम्ही किती तरी ठिकाणी मिरवले. चूल मात्र रोजच पेटत होती. बायका आता पलीकडच्या डोंगरावर जात होत्या, अंधार असतानाच निघत होत्या आणि पकडल्या गेल्या की त्यांचा कोयता जप्त होत होता. त्या डोंगरावरची झाडं आमच्या हिशेबातच नव्हती. तोड आमच्या फोटोंच्या चौकटीबाहेर सरकली होती, इतकंच. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेही एका बाईच्या पायाला झालेली जखम बघून, कोणत्याही पाहणीतून नाही.

असं एकट्या आमच्याच हातून झालं असतं तर मी ते लाजून गप्प ठेवलं असतं. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या गावोगावच्या वनसमित्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. जंगल राखायचे नियम पुरुषांनी केले आणि सरपणाची पायपीट बायकांची वाढली, हे त्यांनाही पुन्हा पुन्हा आढळलं. त्यांचं पुढचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. नेपाळमध्ये ज्या समित्यांची कार्यकारिणी पूर्णपणे बायकांची होती, त्यांच्या वाट्याला लहान आणि अधिक उजाड जंगलं आली होती, तरी तिथे जंगल इतरांपेक्षा चांगलं वाढलं. मला तरी यात चमत्कार वाटत नाही. जंगलात रोज जाणारं माणूस नियम करायला बसलं की पाळता येतील असे नियम होतात. शिवाय चोरून काय तुटतं आणि का तुटतं, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.

इथपर्यंत आलो की माझे काही मित्र भलतेच हळवे होतात. बाई म्हणजे साक्षात निसर्ग, सृजनाची देवता, तिच्या रक्तातच जतन करणं आहे वगैरे. मला या आरतीचा मनापासून कंटाळा आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाकडे ठरावावर सही मागायला कोणी जात नाही. आणि संध्याकाळी चुलीवर काही चढवायचं असेल तर बाईसुद्धा ओली फांदी तोडते. मी बघितलं आहे. तिचं झाडाशी नातं तिच्या वाट्याला आलेल्या कामावरून आणि तिच्या नावावर काय आहे, काय नाही यावरून ठरतं. काम बदललं की नातं बदलतं. मोटारीतून फिरणारी बाई आणि मोळी वाहणारी बाई यांचं हित एकच असतं, असंही मी कधी म्हटलेलं नाही.

चिपकोची, म्हणजे झाडांना कवटाळून तोड थांबवणाऱ्या आंदोलनाची गोष्ट आपण सगळेच सांगतो. २६ मार्च १९७४, आजच्या उत्तराखंडातलं रैणी गाव, गौरा देवी आणि त्यांच्याबरोबरच्या २७ बायका. जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी पुरुषांना चमोलीला बोलावलं होतं, ते तिकडे गेले आणि इकडे ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. गावात बायकाच होत्या, म्हणून बायका उभ्या राहिल्या. ही गोष्ट ऐकताना कोणाला काही खुपत नाही, कारण यातला शत्रू बाहेरचा आहे. त्याच चमोली जिल्ह्यातली १९८० ची डुंगरी-पैंतोलीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तिथे बटाट्याच्या बियाण्याच्या फार्मसाठी बांजाचं (हिमालयातल्या ओकचं) जंगल तोडायचं होतं आणि त्या बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज मिळणार होती. पंचायतीतले पुरुष तयार झाले. बायकांनी विरोध केला, कारण जंगल गेलं की चारा आणि सरपण काही किलोमीटर लांब जाणार होतं, आणि ते किलोमीटर त्यांनाच चालायचे होते. 'गावाची मागणी' असं आपण सहज लिहून टाकतो, तेव्हा गावातलं नेमकं कोण मागतंय, हे विचारायला मी या गोष्टीतून शिकलो.

बाईला हिशेबातून वगळायला एक शब्दसुद्धा पुरतो. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांसाठी तेव्हाच्या मानाने बऱ्या तरतुदी होत्या: जमिनीच्या बदल्यात जमीन, पाव भागापेक्षा जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर. त्यात प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानलं होतं. सज्ञान मुलगी मानली नव्हती. त्याच नदीकाठी, त्याच शेतात राबलेली बहीण भावाशेजारी उभी असेल, तर पाणी दोघांच्या पायाखालची जमीन सारखीच घेणार, कागद मात्र भावाची गेली असं म्हणणार. पुढे कोणी विचारलं की 'प्रकल्पाचं नुकसान किती', तर बेरजेत ती बहीण नाहीच. नुकसान मोजायलाच चुकलो तर आपण भांडतोय ते कशासाठी? जगभरात शेतजमिनीचा ताबा असलेल्यांमध्ये बायका १५ टक्क्यांहूनही कमी आहेत, म्हणजे ही चूक एका निवाड्यापुरती नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जंगल-शेतातली उदाहरणं झाली. शहरातलं घ्या. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला होता, त्यावर पुढे शाळा आणि भोवती घरं उभी राहिली. १९७८ मध्ये लोइस गिब्ज नावाची गृहिणी, मुलगा सतत आजारी म्हणून, दारोदार फिरून कोणाच्या घरी कोणता आजार आहे ते विचारू लागली. नकाशावर खुणा केल्यावर दिसलं की आजारांची घरं बुजलेल्या जुन्या ओढ्यांच्या रेषेवर आहेत. आरोग्य खात्याने ती माहिती 'गृहिणींची निरुपयोगी माहिती' म्हणून उडवून लावली. अखेर शेकडो कुटुंबांना तिथून हलवावं लागलं, आणि १९८० मध्ये विषारी जागा साफ करण्याचा 'सुपरफंड' कायदा आला. ही गोष्ट वाचताना मला गिब्जचा अभिमान वाटायच्या आधी माझी वही आठवली. 'मोळी आणायची कुठनं' हे वाक्य म्हणजे माहिती होती. मी ती तक्रार समजून सोडून दिली होती.

आपत्तीचं तर विचारूच नका. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यांत बायका पुरुषांपेक्षा फार जास्त. इशारा बाजारात, चौकात, पुरुषांपर्यंत पोचत होता; घरात मुलांना धरून बसलेली बाई कोणीतरी सांगायला येईल म्हणून थांबली होती. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत जायचा संकोच वेगळाच. वारा काही बाई-पुरुष बघून वाहत नाही, असं मला एकाने सुनावलं होतं. वारा नसेल बघत. भोंगा कुठे लावायचा ते माणूस ठरवतं.

आणि ठरवणारी माणसं कोण? २०२४ च्या जानेवारीत अझरबैजानने त्या वर्षीच्या जागतिक हवामान परिषदेची आयोजन समिती जाहीर केली. २८ जण, २८ पुरुष. जगभरातून ओरड झाल्यावर १२ बायका घेतल्या गेल्या. मला हसू आलं, कारण त्या बायका आदल्या आठवड्यातही असणारच ना तिथे.

आमच्याकडे काय बदललं? फार मोठं काही नाही. बैठक संध्याकाळी सातला असायची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. ती दुपारी दोनला घेतली, तर पुरुष म्हणाले, ही काय बैठकीची वेळ झाली? बायकांनी पहिल्याच बैठकीत मागितलं ते इतकंच: आठवड्यातले दोन दिवस टेकडीवरची वाळकी लाकडं वेचू द्या, दाखवाल त्या वाटेने जाऊ. कुऱ्हाड नको, म्हणाल्या, हातांनी मोडेल तेवढंच. यावर आमच्यातल्या एका कट्टर वृक्षप्रेमीने तासभर वाद घातला, मग नियम झाला. पलीकडच्या डोंगरावरच्या खेपा कमी झाल्या. बंद झाल्या असं म्हणणार नाही.

परवा ती पहिली वही सापडली. म्हटलं, त्या दाराशी बसलेल्या बाईचं नाव तरी आता लेखात घालावं, तिला विचारून. हजेरीपट काढला. तिसऱ्या पानावर तिचा अंगठा आहे, जांभळी शाई अजून फिकी पडलेली नाही. आणि अंगठ्याशेजारी, माझ्या त्या बऱ्या अक्षरात, 'सौ.' लिहून पुढे तिच्या नवऱ्याचं नाव.