गोली-शीट: मिलरची ओळ सुटली, मार्कस्ट्रॉमच्या ओळीने दमवलं

आइस हॉकीतल्या (एनएचएल) गोलरक्षकाची, म्हणजे गोलीची, किंमत अदलाबदलीच्या दिवशी किती होती हे ही शीट मोजते; प्रत्येक गोलीला एक ओळ. अदलाबदलीच्या जुन्या करारांवरची तिची चाचणी अखेर जमली. रोलोसन (२००६) आणि मिलर (२०१४) या दोन्ही ओळींची उत्तरं शीट आता करार झाला त्या दिवशीच्या आकड्यांवरून देते, पुढे काय घडलं ते न बघता. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. न्यू जर्सी डेव्हिल्सने २०२४ च्या जूनमध्ये आणलेल्या मार्कस्ट्रॉमची ओळ मात्र अजून भांडते आहे. या नोंदीतली बरीच जागा तीच खाणार.

सूत्र तेच आहे, फक्त भर आता पक्की केली. प्रत्येक हंगामाच्या सेव्ह पर्सेंटेजमधून (गोलीने अडवलेल्या शॉटांचं प्रमाण) त्याच हंगामाची लीग-सरासरी वजा करायची, फरकाला शॉटांनी गुणायचं, तीन हंगामांना १, ०.७ आणि ०.५ असं वजन द्यायचं, बेरजेला (वजनी शॉट + २,०००) ने भागायचं. ही २,००० ची भर म्हणजे सरासरी गोलीचे उसने शॉट. आकडा हवेतून आलेला नाही. गोलींच्या खऱ्या कुवतीतला पसारा साडेसहा पॉइंट (.००६५; एक पॉइंट म्हणजे .००१) धरला, तर .९०५ × .०९५ ला .००६५ च्या वर्गाने भागून २,०३५ येतात. भर ३,००० घेऊनही सगळ्या ओळी चालवून पाहिल्या. खालचे निष्कर्ष बदलत नाहीत, आकडे थोडे आकसतात.

लीग-सरासरी त्याच हंगामाची का घ्यायची, यावर पुन्हा वाद नको. २००३-०४ ला ती .९११ होती. लॉकआउटनंतर (मालक-खेळाडू वादात बुडालेल्या हंगामानंतर) २००५-०६ ला पॅडची रुंदी १२ इंचांवरून ११ वर आली, पेनल्ट्या वाढल्या आणि सरासरी .९०१ झाली. २०२४-२५ ला ती .९०० च्या आसपास होती. आजच्या .९०५ शेजारी २०१४ चा .९१५ ठेवून ‘हा म्हातारा झाला’ म्हणणाऱ्यांनी आधी हा कॉलम बघावा.

आता मिलर. २८ फेब्रुवारी २०१४, सेंट लुईसने बफेलोला आपला गोली हलाक, ख्रिस स्ट्युअर्ट, विल्यम कॅरियर, पहिल्या फेरीचा एक पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) आणि आणखी एक सशर्त पिक दिला. बदल्यात मिलर आणि स्टीव्ह ऑट. मिलरचे तीन हंगाम, ताजा आधी: .९२३, .९१५, .९१६. सरासरीहून +९, +३, +२ पॉइंट. शॉट सुमारे १,४००, १,२५० आणि १,८००. शीटचं उत्तर +३.३ पॉइंट. चांगला गोली, यात शंका नाही. पण हलाक कुठे होता? .९१७, .८९९ (फक्त १६ सामने) आणि .९२६. त्याचं उत्तर +१.८. म्हणजे दरी दीड पॉइंटांची. मिलर नियमित हंगामात पुढे १९ सामने खेळला, सुमारे ४७५ शॉट. दीड पॉइंट × ४७५ म्हणजे पाऊण गोल. पाऊण गोलासाठी पहिल्या फेरीचा पिक!

प्रत्यक्षात मिलरचा तिथला सेव्ह पर्सेंटेज .९०३ झाला, प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) .८९७, आणि शिकागोने सहा सामन्यांत मालिका घेतली. तरीही ‘मिलर फसला म्हणून करार वाईट’ ही मांडणी मान्य नाही. ४७५ शॉटांत नुसत्या योगायोगाचा झोला (आकडा वर-खाली हलण्याचा अपेक्षित पल्ला) जवळजवळ १३ पॉइंटांचा असतो. बफेलोतले १,४०० शॉट धरून दोन आकड्यांमधल्या फरकाचा झोला १५ पॉइंटांवर जातो. २० पॉइंटांची घसरण त्यात सहज बसते. तिकडे हलाक आठवड्याभरात वॉशिंग्टनला गेला आणि १२ सामन्यांत .९३० खेळला. तोही योगायोगच. करार वाईट होता तो दरी नव्हती म्हणून, आणि ते त्या दिवशीच दिसत होतं.

रोलोसनची ओळ या उलट, आणि ती बघून खरा आनंद झाला. ८ मार्च २००६, वय ३६, मिनेसोटाहून एडमंटनला. किंमत पहिल्या फेरीचा पिक आणि एक सशर्त पिक. त्याचे हंगाम .९१० (सरासरी .९०१), .९३३ (.९११) आणि .९२७ (.९०९). शीट म्हणते +८.८. एडमंटन ऑयलर्सकडे तेव्हा कॉंकलिन, मार्कानेन आणि मॉरिसन, तिघंही .८८० च्या आसपास. सुमारे १,५०० शॉटांवर त्यांचं एकत्रित उत्तर −८.६. दरी १७.४ पॉइंट! १९ सामन्यांच्या ४७५ शॉटांवर सव्वाआठ गोल. सहा गोलांना एक विजय (दोन गुण) या ठोकताळ्याने जवळजवळ तीन गुण. ऑयलर्स ९५ गुणांवर आठवे, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागेवर आले, नववं व्हँकुव्हर ९२ वर राहिलं. भर ३,००० केली तरी साडेसहा गोल उरतात. रोलोसन स्वतः तिथे .९०५ च खेळला, म्हणजे मिनेसोटापेक्षा कमी. तरीही सौदा सोन्याचा, कारण आधीचे .८८० होते. मग प्लेऑफमध्ये १८ सामन्यांत .९२७ आणि अंतिम फेरी.

म्हणून ‘पिक जपा’ आणि ‘अनुभवी आणा’ या दोन्ही बाजूंना एकच विनंती: गोलीचं नाव सांगण्याआधी आपल्या हातातल्या गोलीची ओळ भरा. किंमत दोन ओळींमधल्या दरीची ठरते.

आता मार्कस्ट्रॉम. १९ जून २०२४, कॅलगरीला २०२५ चा पहिल्या फेरीचा पिक (पहिल्या दहात आला तर राखीव) आणि केव्हिन बाल. कॅलगरीने ६० लाख डॉलरच्या कॅपपैकी (संघाच्या पगारमर्यादेत धरला जाणारा वार्षिक आकडा) ३१.२५ टक्के स्वतःकडे ठेवले, डेव्हिल्सवर ४१.२५ लाख. हंगाम .९०५, .८९२, .९२२. सरासरीहून +२, −१२, +१५. शॉट सुमारे १,३७०, १,५३० आणि १,७५०. शीटचं उत्तर: +०.५ पॉइंट. म्हणजे अगदी सरासरी गोली. आणि इथेच घोडं अडलं, कारण सार्वजनिक एक्सजी मॉडेलांत (शॉट किती अवघड होता त्यावरून अपेक्षित गोल मोजणाऱ्या) २०२३-२४ चा मार्कस्ट्रॉम सरासरीच्या स्पष्ट वर आहे. दोघांतलं एक कोणीतरी संघाचं पाप गोलीच्या माथी मारतंय, किंवा संघाचं पुण्य त्याच्या खात्यात टाकतंय.

पहिला उपाय पेनल्टी किल (शिक्षेमुळे खेळाडू कमी असतानाचा खेळ) वेगळं काढण्याचा. याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा आहे. समजा गोली ५ विरुद्ध ५ मध्ये .९१५ आणि पेनल्टी किलवर .८६५ आहे. १,५०० पैकी ३०० शॉट पेनल्टी किलवर आले तर एकूण .९०५, १८० च आले तर .९०९. गोली तोच, फरक चार पॉइंटांचा, आणि तो फक्त संघाच्या शिस्तीचा. नॅचरल स्टॅट ट्रिकवर हे विभाजन सरळ मिळतं, या कामासाठी तीच साइट सर्वांत सोयीची. अडचण अशी की पेनल्टी किलचे शॉट थोडे असल्याने तो तुकडा फार हलतो. म्हणून दोन्ही तुकडे वेगवेगळे आकसून मग जोडायचे.

दुसरा उपाय एक्सजी. मनीपक साइटच्या सीएसव्ही फाइली फुकट आणि नीटनेटक्या आहेत, पण त्या आकड्याला अंतिम सत्य मानू नका. सार्वजनिक नोंदींत शॉटची जागा आणि प्रकार असतो, शॉटआधीचा पास नसतो. माजी गोली स्टीव्ह व्हॅलिकेट ज्याला रॉयल रोड म्हणतो, ती झोनच्या मधोमध जाणारी रेघ ओलांडून पास आला की गोलीला आडवं सरकावं लागतं आणि तोच शॉट कितीतरी अवघड होतो. जो संघ असे पास तोडतो, त्याचा गोली एक्सजीत उगाच चमकतो. शिवाय जागा माणूस नोंदवतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉट प्रत्यक्षाहून जवळचे नोंदवले जातात, हे एक्सजीवाल्यांना २००७ पासून माहीत आहे.

तिसरा उपाय जोडीदाराचा कॉलम: त्याच संघाच्या मागे उभा असलेला दुसरा गोली कसा खेळला? कच्चा आकडा घेतला की हा कॉलम वेड्यासारखा वागतो. काहकोनेन डेव्हिल्ससाठी २०२३-२४ ला सहा सामने .९२३ खेळला. अंदाजे १८० शॉट, झोला २२ पॉइंट. त्याच्या तुलनेत बाकी सगळे टाकाऊ दिसतात. उपाय साधा निघाला, जोडीदारालाही तीच २,००० ची भर द्यायची. आणि जोडीदाराच्या घसरणीतला निम्माच वाटा संघाचा धरायचा, कारण उरलेला त्याचा स्वतःचा असू शकतो. बॅक-टू-बॅकचा (लागोपाठ दोन दिवसांतला) दुसरा सामना बहुधा राखीव गोलीच्या वाट्याला येतो, तेही त्यात आलं.

कॅलगरीत हे लावून बघा. २०२३-२४ ला व्लाडार .८८२, वुल्फ .८९३, मिळून सुमारे १,०४० शॉट. आकसून −५.५ पॉइंट, निम्मा वाटा २.७. म्हणजे मार्कस्ट्रॉमचा त्या हंगामाचा +२ होतो +४.७. २०२२-२३ ला व्लाडार .८९४, मार्कस्ट्रॉमसारखाच खाली, दुरुस्ती १.३. २०२१-२२ ला .९०६, दुरुस्ती जवळपास शून्य. सगळं जोडून मार्कस्ट्रॉम +०.५ वरून +१.५ वर येतो. एक्सजी ज्या दिशेला बोट दाखवत होतं तिकडेच, पण तितकं लांब नाही.

इथे एक कल्पना सुचली आणि पुढचा बेतच बदलला. निम्मा वाटा बरोबर की चूक, यावर डोकं फोडण्याऐवजी तो शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत फिरवला. उत्तर अर्ध्या पॉइंटापासून अडीच पॉइंटांपर्यंत जातं. १,४०० शॉटांच्या हंगामात ०.७ ते ३.५ गोल. सगळा वाद तीन गोलांच्या आतला! मग दरी काढली. डेव्हिल्सकडे तेव्हा जेक ऍलन होता: .८९२ आणि .९०० (मॉन्ट्रियल, मग न्यू जर्सी), .८९१, .९०५. त्याचं उत्तर −४.८. मॉन्ट्रियलचा जोडीदार मोंतेंबो .९०१ आणि .९०३ खेळला, म्हणून ऍलनला दुरुस्तीची सवलत मिळत नाही. दरी ६.३ पॉइंट, हंगामाला जवळजवळ नऊ गोल, तीन गुण. रोलोसनइतकी नाही, मिलरपेक्षा चौपट. एक पूर्ण हंगाम नव्हे तर करारातले दोन हंगाम, आणि कॅप ४१.२५ लाखांची. पिकची किंमत पटते.

आणि मग २०२४-२५ ला ऍलन .९०६, मार्कस्ट्रॉम .९००. दरी उलटी फिरली. मार्कस्ट्रॉम जानेवारीत गुडघ्याच्या दुखापतीने बसला होता, तेही आहे. पण मुख्य गोष्ट झोल्याची: अंदाजे १,२०० आणि ८५० शॉटांवर दोघांतल्या फरकाचा झोला १३ पॉइंट, त्यात सहा पॉइंट म्हणजे काहीच नाही. एका हंगामाने ही ओळ ना खरी ठरते ना खोटी. त्या वर्षी डेव्हिल्सने आदल्या हंगामापेक्षा सुमारे साठ गोल कमी खाल्ले, पण त्याचं श्रेय गोलीला देताना जपून. त्याच उन्हाळ्यात कीफ प्रशिक्षक म्हणून आला, पेशी आणि डिलन बचावात आले.

‘अनुभव’ नावाचा कॉलम मागणाऱ्यांना: तो येणार नाही. २० प्लेऑफ सामन्यांच्या ५६० शॉटांत झोला १२ पॉइंटांचा. रोलोसनचा .९२७ आणि मिलरचा .८९७ दोन्ही त्यात मावतात. वयाचा कॉलम मात्र येतो आहे. ३३ नंतर दर वर्षी एक पॉइंट वजा, तात्पुरता.

कॅपसाठी: कॅप रोजच्या हिशेबाने मोजली जाते. हंगामाचा चौथा भाग उरला असताना ६० लाखांचा गोली आणला तर १५ लाख लागतात, समोरच्याने कमाल ५० टक्के ठेवले तर साडेसात. एका संघाला एका वेळी तीनच करारांवर पगार ठेवता येतो, तेव्हा विकणाऱ्याकडे जागा आहे का ते आधी बघा. पगारांची माहिती देणारी कॅपफ्रेंडली साइट २०२४ च्या जुलैत बंद पडल्यापासून पकपीडियावर भागवतो आहोत, आणि ती पुरेशी आहे.

पुढची ओळ फ्लूरीची, २१ मार्च २०२२, शिकागो ते मिनेसोटा. तिथे पिक दुसऱ्या फेरीचा होता. मिनेसोटा वाइल्ड कॉन्फरन्स फायनलला पोचले आणि पहिल्या दोन फेऱ्यांत फ्लूरीने चार सामने जिंकले तरच तो पहिल्या फेरीचा होणार होता. अशा सशर्त पिकची किंमत शक्यतेने गुणून धरायची की कमाल धरायची, हे आधी ठरवू. सध्या शक्यतेने गुणतो आहे. ज्यांच्याकडे फ्लूरीचा तिथला जोडीदार टॅलबट याचे वाइल्डमधले ५ विरुद्ध ५ चे आकडे भरून तयार आहेत, त्यांनी ते शीटच्या तिसऱ्या पानावर टाका, जोडीदाराचा कॉलम तिथूनच उचलेल.